थोडं, पण रोज

चि. सोनूस,


काल तुझ्या आईचा फोन आला. रविवारी तू एकदम अठरा किलोमीटर पळालीस आणि तेव्हापासून जिना उतरताना कठडा धरतेस म्हणे. आता आठवडाभर पळणं बंद. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं ना? तुझी जिद्द ठाऊक आहे, म्हणूनच जीव तुटतो गं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या पहिल्या खेपेला मी हेच केलं. पावसाचं निमित्त करून महिना घालवला आणि शेवटच्या तीन आठवड्यांत सगळी भरपाई करायला गेलो. यवतेश्वरचा घाट चढलो, छाती साथ देत होती; पण परतीच्या उतारावर नडगी अशी ठणकली की पाऊल टाकवेना. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायुबंध घट्ट व्हायला महिने लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुला आत्ताच सांगतो.

पुढच्या वर्षी कालनिर्णयवर पेन्सिलने आकडे लिहायला लागलो. चार, पाच, विश्रांती, पाच. तुझी आजी रोज विचारायची, "आज किती?" रविवार सोडला तर कुठेही आठच्या वर आकडा नव्हता. त्या वर्षी घाटात एकदाही थांबलो नाही.

आपला अविनाश साबळे बघ, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसला वेळ आली ८ मिनिटं ०९.९१ सेकंद. सहा वर्षं राबून कमावलेले हे वीस सेकंदसुद्धा पुरते भरत नाहीत. आणि तू एका रविवारात अंतर सहा किलोमीटरने वाढवतेस!

सावकाश पळण्याला कमी लेखू नकोस. स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या त्यानेही वाढतात, आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की कमावलेला दम ओसरू लागतो. ताप असेल तर मात्र अंथरुणातच राहा, तिथे हट्ट नको.

येत्या शनिवारी पहाटे मी येतोय. तोवर नुसतं चाल. शनिवारी फक्त चार किलोमीटर, तेही गप्पा मारत. बोलता बोलता तुला धाप लागली, तर तिथेच वेग कमी करू. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आणि एक पेन्सिल काढून ठेव.

तुझा,
मामा