वीज आली, पण हिशेब उघडेना

प्रश्न : जळगावातील जिनिंग कारखान्याने आग आणि खंडित वीजपुरवठा यांसाठी केलेली आपत्कालीन योजना सायबर हल्ल्यातही पुरेल काय?

उत्तर : पुरणार नाही, कारण अशी योजना इमारत आणि यंत्रे वाचवण्यासाठी आखलेली असते, तर रॅन्समवेअर, म्हणजे संगणकातील नोंदी कूटबद्ध करून खंडणी मागणारी आज्ञावली, मूळ नोंदींबरोबर संगणकाला जोडलेली बॅकअप प्रतही निकामी करू शकते. शिवाय हल्ला स्वतःच्याच दारी व्हावा लागतो असे नाही: जुलै 2024च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा संसर्ग पसरू नये म्हणून एनपीसीआय या बँकांमधील डिजिटल देयकांचे जाळे चालवणाऱ्या संस्थेने तिचा त्या जाळ्याशी असलेला संपर्क तोडला आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार 1 ऑगस्टपर्यंत अडले. ऐन हंगामात असे घडल्यास शेतकऱ्यांचे चुकारे कोणत्या दुसऱ्या बँकेतून द्यायचे आणि काटापावत्या हाताने कशा लिहायच्या, हे आधीच ठरलेले असावे. नोंदींची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी आणि (बहुधा हेच राहून जाते) तिच्यावरून हिशेब खरोखर उभा राहतो का, हे कापूस येण्यापूर्वी पडताळावे. हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनी घातले असल्याने तिचा संपर्क क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण संगणकातील यादी त्या वेळी उघडेलच असे नाही.