काम म्हणजे व्यायाम नव्हे



"आमच्या सुना शेतात राबतात, त्यांना गरोदरपणी वेगळा व्यायाम कशाला?" असे जुन्नर-आंबेगावच्या शिवारात पुष्कळदा ऐकू येते. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणात अभ्यास केला. पाणी वाहणे, धुणे, शेतकाम यांचा भार ज्यांच्यावर जास्त, त्यांची बाळे जन्मतः सरासरीने लहान भरली.

मग हालचाल वाईट का? मुळीच नाही. प्रकृतीची अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास, भरभर चालणे. पण चालता चालता बोलता आले पाहिजे. याने गरोदरपणातील मधुमेह, रक्तदाब व जादा वजनवाढीचा धोका घटतो.

चालणे मापात असते, हवे तेव्हा थांबवता येते. हंडा, मोळी आणि उन्हातली खुरपणी यांना ना माप, ना विसावा. उसाला पाणी हवे, पण साचलेले नको, तसेच हे.

तेव्हा ध्यानात ठेवा :
१) आधी आरोग्य केंद्रात तपासणी करावी.
२) चालणे सपाट रस्त्याने, ऊन टाळून.
३) हंडा व ओझी घरातल्या गड्यांनी उचलावीत.
४) जेवण पोटभर.
५) रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, चक्कर किंवा छातीत दुखणे झाल्यास लगेच दवाखाना गाठावा.

तोडणी टोळीतली गरोदर बाईही आपल्याच उसासाठी राबते. तिच्या डोक्यावर मोळी देऊ नका.