रीस्टार्ट करण्याआधी

साइट बंद पडली, स्क्रीनवर ५०० झळकलं, की हात आधी रीस्टार्टकडे जातो. साइट चालू होते, फोन थांबतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. शिवाय डेटाबेसला कोण कोण चिकटून बसलं होतं, तो पुरावाही रीस्टार्टने पुसला जातो. म्हणून आधी पाच मिनिटं लॉग वाचा. ब्राउझरमधला संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. त्याच्या नादी लागू नका. मूळ एरर ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये असते. जावाच्या लांबलचक ट्रेसमध्ये ती बहुधा शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पाशी सापडते.

ती एरर डेटाबेसच्या कनेक्शनची निघाली, तर पुढचं कामी येईल. इथे डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस धरून चालतो. मायएसक्यूएलमध्ये नावं बदलतात, तर्क तोच.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा समोरचं मशीन जिवंत असतं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं. डेटाबेसच्या मशीनवर ‘एसएस’ कमांडने उघडे पोर्ट बघा. ५४३२ यादीतच नसेल तर डेटाबेस पडलेला आहे. त्याचा स्वतःचा लॉग उघडा आणि डिस्क भरली आहे का तेही पाहा. भरली असेल तर जागा करण्यासाठी ‘पीजी वॉल’ फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवू नका, डेटाबेस कायमचा गमवाल. पोर्ट दिसतोय, पण त्याच्यापुढे १२७.०.०.१ लिहिलंय? मग डेटाबेस फक्त घरच्यांशीच बोलतोय. ‘लिसन ॲड्रेसेस’चं मूळ सेटिंग तसंच असतं. ते बदलल्यावर मात्र नुसतं रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो.

‘टाइमआउट’ची गोष्ट वेगळी. तिथे उत्तरच येत नाही, म्हणजे वाटेत फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप गुपचूप पाकिटं गिळत असण्याची शक्यता जास्त. ‘एनसी’ कमांडने पोर्ट तपासा, पण ॲप्लिकेशन सर्व्हरवर लॉगिन करूनच. ‘माझ्या लॅपटॉपवरून तर जोडलं जातंय’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

पासवर्ड चुकल्याची एरर आली तर खरं तर हायसं वाटायला हवं, कारण नेटवर्क ठीक आहे हे कळलं. पासवर्डात ‘@’ किंवा ‘#’ आहे का बघा. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये अशी चिन्हं एन्कोड केली नाहीत, तर पत्ता भलतीकडेच तुटतो. त्याच यूआरएलमध्ये होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिला असेल तर डॉकर कंटेनरच्या आत त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः, शेजारचा डेटाबेस नव्हे.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी एरर म्हणजे कनेक्शनची मर्यादा संपल्याची. पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मुळात १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. आता हिशेब मांडा: ४ सर्व्हर, प्रत्येकावर ४ प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसचा कनेक्शन पूल १० चा. झाली १६०! एरवी पूल पूर्ण भरत नाहीत म्हणून निभावतं. गर्दीच्या दिवशी किंवा डिप्लॉयमेंटच्या वेळी, जुन्या-नव्या प्रोसेस एकदम चालू असताना, बिंग फुटतं.

अशा वेळी सुपरयूजरने आत शिरून ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ बघा. कोणत्या ॲप्लिकेशनची किती कनेक्शन आहेत आणि ती कोणत्या अवस्थेत आहेत, ते तिथे दिसतं. ‘आयडल’चा ढीग असेल तर पूल अवाजवी मोठे आहेत. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’चा ढीग असेल तर दोष बहुतेक कोडचा: कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच पेमेंट गेटवेला हाक मारली आहे आणि उत्तराची वाट बघत बसलंय, तोवर कनेक्शन अडकलेलं. त्याच ओळीत त्या कनेक्शनची शेवटची क्वेरीही असते. तिच्यावरून कोडमधली जागा सापडते. ही माहिती कुठेतरी उतरवून घ्या, मगच अडकलेली कनेक्शन ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ने तोडा.

मर्यादा सरळ १००० करण्याचा मोह होतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते आणि ती मेमरी खाते, त्यामुळे हे दुखणं फक्त दुसरीकडे सरकतं. आधी पूल लहान करा. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूलर बसवा.

राहिला तो अधूनमधून छळणारा प्रकार: रात्री सगळं ठीक, सकाळच्या पहिल्याच क्लिकला एरर, दुसऱ्याला काही नाही. रात्रभर रिकामं पडलेलं कनेक्शन मधल्या फायरवॉलने किंवा खुद्द डेटाबेसने तोडलेलं असतं आणि पूलला त्याचा पत्ता नसतो. मायएसक्यूएलमध्ये ही मुदत मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास. पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य वाटेतल्या सर्वांत छोट्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. सकाळची ती पहिली एरर बंद होते.