डोळे आले असता कोणते थेंब घालावेत?

वैनगंगेच्या खोऱ्यात रोवणीची घाई सुरू होते, त्याच सुमारास डोळे येण्याची साथही डोके वर काढते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर ती राज्यभर पसरली होती. अशा वेळी दुकानातून एक कुपी आणली जाते व तीच घरातील सर्वांच्या डोळ्यांत घातली जाते. कुप्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतील औषधे भिन्न असतात, म्हणून हे विवेचन.

साथीतील डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. डोळा लाल होतो, पाणी वाहते, कचरा गेल्यासारखे खुपते. प्रतिजैविक थेंबांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. एक-दोन आठवड्यांत डोळे बहुधा आपोआप बरे होतात. तोवर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे, म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब व गार पाण्याची घडी एवढ्याने आराम पडतो. घट्ट पिवळी चिपडे येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. तेथे क्लोरॅम्फेनिकॉल अथवा मॉक्सिफ्लॉक्सासिन उपयोगी पडते. मात्र साध्या दुखण्यात महाग औषध अधिक गुणकारी असतेच असे नाही. खाजच प्रमुख असेल तर कारण बहुधा ॲलर्जीचे, व तेथे ओलोपॅटाडीनसारखे थेंब लागू पडतात.

खरी चिंता आहे ती स्टेरॉइडमिश्रित थेंबांची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव कुपीवर असेल, तर ते थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याविना घालू नयेत. त्यांनी लाली झपाट्याने ओसरते, आणि म्हणूनच रुग्ण त्यांनाच 'चांगले औषध' मानतो. आपल्या जिल्ह्यात हा गैरसमज विशेष घातक आहे. धानाचे पाते किंवा तूस डोळ्याला लागून बुबुळावर बुरशीची जखम झालेली असते, आणि घरचे मात्र 'डोळे आले' असे समजतात. अशा डोळ्यात स्टेरॉइड गेले की वेदना काही काळ दबते, पण बुरशी आत पसरत राहते. मग नॅटामायसिनचे थेंब दर तासाला, कित्येक आठवडे घालूनही डोळ्यात फूल पडून दृष्टी अधू राहू शकते. नागीण जातीच्या विषाणूची जखमही स्टेरॉइडने चिघळते. दीर्घकाळ वापराने काचबिंदू होऊ शकतो.

नजर अंधुक होणे, उजेड न सोसणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, अथवा नवजात बालकाचे डोळे येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रविभागात यावे. येताना घरी वापरलेली कुपी, रिकामी असली तरी, अवश्य सोबत आणावी.