वरच्या कोर्टात साक्षीदार का बोलावत नाहीत?

प्रश्न : पेडण्याच्या कोर्टात आम्ही बांधाचा दावा जिंकलो, जिल्हा कोर्टात हरलो. पर्वरीच्या हायकोर्टात गेलो, तर एकही साक्षीदार न बोलावता पहिल्याच तारखेला अपील फेटाळलं. न ऐकता निकाल कसा लागतो? आणि कोर्ट गोव्यात असून नाव मुंबईचं का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : ऐकलं, पण तुमच्या वकिलाचं, बाकीचं वाचलं. अपील म्हणजे दावा पहिल्यापासून नव्याने चालवणं, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. साक्षी, उलटतपासण्या, नकाशे सगळं खालच्या कोर्टात नोंदवून झालेलं असतं. वर जातो तो कागदांचा गठ्ठा. नवा पुरावा क्वचितच घेतात : खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला असेल, किंवा पुरेसा शोध घेऊनही तेव्हा हाती लागला नसेल, तर. आजोबांच्या पेटीत कागद आता सापडला, एवढ्याने भागत नाही. आधी पेटी का उघडली नाही, हे सांगावं लागतं.

तुमचं पहिलं अपील जिल्हा कोर्टात झालं. तिथे बांध कुणाचा, हा प्रश्न पुन्हा तपासता येतो. हायकोर्टातलं मात्र दुसरं अपील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. जिल्हा न्यायाधीशांनी एखादा मोजणी नकाशा पाहिलाच नसेल, तर तो मुद्दा होऊ शकतो. ‘नकाशा पाहिला, पण विश्वास शेजाऱ्यावर ठेवला’ ही तक्रार पुरत नाही. मुद्दाच नसेल, तर अपील दाखल करून घेतानाच संपतं. आणखी एक गैरसमज : अपील केलं म्हणजे आपोआप स्टे मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो.

फौजदारीत हायकोर्टाचे हात अधिक मोकळे असतात. हणजुण्याच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडलं; २०१९ मध्ये हायकोर्टाने तोच पुरावा पुन्हा वाचून एकाला दहा वर्षांची सजा दिली, दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. असे उलटे निकाल कमीच. पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर आरोपीच्या बाजूचा अर्थ धरतात, आणि खाली सुटलेल्याची ही ढाल वर जाताना अधिक जाड होते. मला ते योग्यच वाटतं.

आता नाव. पोर्तुगीज काळात गोव्याचं स्वतःचं अपील न्यायालय होतं, ‘रेलासांव’; त्याची सुरुवात १५४४ ची. मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनर आले. १९८१ च्या कायद्याने मुंबई हायकोर्टाचा अधिकार गोव्यावर आला आणि १९८२ च्या ऑक्टोबरअखेर पणजीत खंडपीठ सुरू झालं. पर्वरीची इमारत २०२१ ची. म्हणजे ही मुंबईच्या हायकोर्टाचीच गोव्यातली शाखा. तेरेखोल नदीपलीकडे आरोंद्याला तुमचे कुणी सोयरे असतील, तर त्यांचं हायकोर्टही हेच; फक्त ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी घाट चढून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जावं लागतं.