आजचे चिंतन : जीर्ण कोणाला म्हणायचे?
(भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२)



आजचा श्लोक तुमच्यापैकी बहुतेकांनी कोणाच्या तरी दहाव्याला ऐकलेला असणार. माणूस जुने कपडे टाकून नवे घालतो, तसा देही जुनी शरीरे सोडून नवी घेतो. ‘जीर्ण’ हा शब्द यात दोनदा आला आहे, एकदा कपड्यांसाठी आणि एकदा शरीरांसाठी. ज्ञानेश्वर माउलींनी इथे फार वेळ घेतला नाही, एका ओवीत सांगून ते पुढे गेले. मी मात्र या एका शब्दापाशी बरीच वर्षं अडून बसलोय.

माझे वडील गेले तेव्हा ४२ वर्षांचे होते. सकाळी शेतात गेले, दुपारी निरोप आला. भेटायला आलेल्या एका बुवांनी हाच श्लोक सांगितला. आई भिंतीला टेकून बसली होती. मान वर न करता म्हणाली, “त्यायचं अंग कुठं जुनं झालं होतं, महाराज?” बुवा गप्प झाले. मलाही काही सुचलं नाही.

हे सगळं परत आठवलं ते माडीची तक्तपोशी काढताना.

आमचं घर गंगाखेड तालुक्यात, जुन्या बांधणीचं. जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. खालून बघितलं तर ते ओसरीचं छत, वरून बघितलं तर माडीची जमीन. फळ्यांवर वीतभर मातीचा थर, त्यावर शेणाचा सारवा. माडीवरचं माळवद उतरवून आम्ही आधीच पत्रे टाकले होते, पण या खालच्या थराला कोणी हात लावला नव्हता. आजोबांचं पारायण तिथंच व्हायचं. विषय निघाला की आई म्हणायची, “राहू दे की, काय खायला मागतंय का ते?”

मग २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. परभणी-नांदेडलाही जाणवला. प्रशासनाने लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं. आमच्याही पत्र्यांवर होते. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का. मराठवाड्यात जमीन हलली की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे किल्लारी येतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले. भूकंपाने जमीन हलवली, पण हजारो माणसं गेली ती बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन. दहा बाय दहाच्या खोलीत वीतभर माती म्हणजे तीन टनांच्या वरचं ओझं होतं. आणि त्या ओझ्याखाली आई झोपत होती. दुसऱ्या धक्क्यानंतर ती स्वतःच म्हणाली, “काढून टाका बाबा.”

काम कसं झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. मिस्त्रींनी आधी ओसरीत प्रत्येक तुळईखाली टेकू लावले. मग वरची माती घमेल्यांनी उतरवली, पण एका बाजूनं नाही, सगळीकडून थोडी थोडी. एकाच बाजूची काढली तर दुसऱ्या बाजूचा भार तुळई पिळतो म्हणाले. धूळ एवढी की तोंडाला ओला गमछा बांधूनही दोन दिवस काळंच थुंकत होतो. फळ्या निघाल्या त्या शेवटच्या कडेपासून, पहारीनं हळूहळू उचकत. पाय कायम कडीवर, फळीवर नाही. जुने घडीव चौकोनी खिळे एक एक करून ओढले. राहिलेला एक खिळासुद्धा आरा गिरणीत पात्याचं वाटोळं करतो. प्रत्येक फळीला खडूनं नंबर. काकांचं म्हणणं होतं की एवढा त्रास कायला, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला उक्तं देऊन टाकू. त्यावरून दोन दिवस घरात बोलणं बंद होतं, ते असो.

खरी गंमत पुढे. वरून काळ्या पडलेल्या, भेगाळलेल्या फळ्या सुतारानं रंधल्या आणि आत सोन्यासारखा पिवळा सागवान निघाला. आम्ही ज्याला जुनं म्हणत होतो ते ठणठणीत होतं. तुळया मात्र दिसायला धडधाकट, दर दिवाळीला तेल पाजलेल्या. त्यांची भिंतीत गाडलेली टोकं बाहेर काढली तर हातात भुसा आला. भिंतीतली ओल वर्षानुवर्षं तिथं मुरत होती, वाळवी आतून खात होती. सगळा भार नेमका त्याच टोकांवर होता.

मी तुळईचं ते टोक हातात घेऊन बराच वेळ बसलो. वडील गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की हृदयाचं दुखणं बऱ्याच दिवसांचं असणार, बाहेरून कळलं नाही. म्हणजे श्लोकातलं ‘जीर्ण’ वयाचं नाहीच का? भगवंताला जे दिसतं ते आपल्याला भिंत फोडल्याशिवाय दिसत नाही, असं म्हणायचं का? मला हा अर्थ पटतो. पण आईच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. तुळई बदलता येते. आम्ही लोखंडी गर्डर टाकले आणि आठवड्यात घर उभं राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या जागी काय टाकणार? श्लोक देह सोडणाऱ्याबद्दल बोलतो. मागे राहिलेल्याबद्दल तो बोलत नाही, आणि सांत्वनाला वापरताना आपण हे विसरतो. भेटायला जाल तेव्हा पहिल्या दिवशी हा श्लोक सांगू नका, एवढी माझी विनंती.

संध्याकाळी आई ओसरीत आली. नंबर घातलेल्या फळ्या मोजल्या, एकतीस भरल्या. तिच्यासाठी देवघराचं दार आणि पोथीचा चौरंग करायचा ठरला, बाकीच्या काकांच्या मनाप्रमाणे विकल्या. मग माझ्या बाजूला पडलेलं ते कुजकं टोक तिनं उचललं, बोटांनी चुरलं, भुसा खाली सांडू दिला.

“वरून काईच कळंना बघ,” म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली आणि चहा ठेवायला आत गेली.

उद्या तेविसावा श्लोक. शस्त्र, अग्नी, पाणी आणि वारा. लाकडाला यातलं सगळंच लागतं, त्यावर उद्या बोलू.

राम कृष्ण हरी.