डोळ्याच्या आतील चष्मा

पालकसभा आटोपल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील माझ्यापाशी येऊन म्हणाले, “सर, मोतीबिंदू काढताना आमच्या आईच्या डोळ्यात भिंग बसविले आणि तिला पुन्हा स्वच्छ दिसू लागले. तसेच भिंग बसवून मुलीचा चष्मा घालविता येणार नाही काय?” मुलगी नववीत; नंबर उणे नऊ. चष्म्याविना गावाबाहेरील मिरचीच्या पथाऱ्या तिला नुसता लाल पट्टा दिसतात. तरीही रस्त्याने जाताना ती चष्मा दप्तरात ठेवते; लोक काय बोलतात हे तिला ठाऊक आहे.

निकटदृष्टीच्या डोळ्यात बहुधा नेत्रगोल लांबट झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याचे अंतर्गोल भिंग किरणांना फाकवून ती मागे सारते. हेच काम डोळ्याच्या आत ठेवलेले भिंगही करू शकते.

परंतु आजीची गोष्ट निराळी. तिचे स्वतःचे भिंग गढूळ झाले होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले. ही युक्ती लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली प्रथम योजिली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकच्या कपच्या डोळा निमूटपणे सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पूर्वी काम केलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यविशारदांमुळे ही शस्त्रक्रिया खेडोपाडी परिचित झाली.

मुलीचे भिंग मात्र निर्मळ आहे. जवळचे पाहताना ते आपला आकार बदलते. ते काढले तर ही शक्ती जाईल. म्हणून ते तसेच ठेवून त्याच्या पुढे, बुबुळाच्या मागे, दुसरे पातळ भिंग सरकवितात. ह्यालाच आय. सी. एल. म्हणतात. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी केलेले मऊ भिंग आत जाते व तेथे उलगडते. नंबर मोठा वा पारपटल पातळ असल्यामुळे लेसरचा उपाय जेथे योग्य नसतो, तेथे हा विशेष उपयोगी पडतो. शिवाय गरज पडल्यास भिंग काढताही येते.

तथापि ह्या मार्गावर ठेचाही लागल्या आहेत. इटलीच्या स्ट्रॅम्पेली यांनी १९५३ साली असे भिंग बुबुळाच्या पुढे बसविले. पुढे पारपटलाच्या आतील पेशी बिघडल्यामुळे अशी पुष्कळ भिंगे काढावी लागली. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. रशियाच्या फ्योदोरोव्ह यांनी १९८६ साली भिंग बुबुळामागे नेले, तेव्हा वाट बरीच सुकर झाली. आजही डोळ्यातील दाब वाढणे किंवा मोतीबिंदू होणे हे धोके उरतातच. म्हणून भिंग बसविल्यावरही नियमित तपासणी हवी. नेत्रगोल लांबचा लांबच राहतो; तेव्हा डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखी वाटली वा पडदा आल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी वैद्यांकडे जावे.

सामान्यतः एकविसाव्या वर्षानंतर, नंबर निदान वर्षभर स्थिर राहिल्यावर व डोळ्यात पुरेशी जागा असल्यासच ही शस्त्रक्रिया करतात. ह्या मुलीचा नंबर दरवर्षी वाढतो आहे. हे सांगितल्यावर वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे सहा-सात वर्षे चष्माच.” मी होय म्हटले. जवळ उभ्या असलेल्या मुलीने दप्तर उघडले व चष्मा काढून डोळ्यांवर चढविला.